खालची चौकट

“गाई किती काढायच्या रे?”

आप्पांनी छन्नी खाली ठेवली आणि माझ्याकडं न बघताच विचारलं. लिंबाखाली तो काळा दगड आडवा पडला होता. उभा केला तर माझ्या छातीला लागेल एवढा. वरच्या टोकाला चंद्र-सूर्य झाले होते. त्याच्या खाली महादेवाची पिंड आणि पिंडीपुढं हात जोडून बसलेला माणूस. त्याच्या खाली दोन बाया त्याच माणसाला दंडाला धरून वर नेतायत. सगळ्यात खालची चौकट मात्र कोरी. नुसती घासून सारखी करून ठेवलेली.

“जागा बघून काढा,” मी म्हणालो. “जुन्या दगडांवर दोन-तीन असतात, एकीच्या मागं एक. नुसती तोंडं दिसली तरी चालतं.”

“आन दावी?”

“काय?”

“दावी काढतेत का रं? गळ्यातली. जनावर बांधायची.”

“नाही बघितली कुठं.”

“बरं,” म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. त्या दिवशी परत छन्नीला हात लावला नाही.

तो दगड माझ्या भावासाठी होता.

आमचं गाव भीमेच्या काठाला. पलीकडं थोडं गेलं की कर्नाटक. आप्पा, आमचे वडील, पाथरवट. पाटे-वरवंटे, जाती, उंबरे, कुणी सांगितलं तर नंदी. माझ्या भावाला, शरणूला, दगड कधी जमला नाही. जनावरं जमली. नदीच्या वळणावर आमचा गोठा होता आणि आमच्या गल्लीतल्या अर्ध्या लोकांची जनावरं तिथंच असायची, कारण गावात बांधायला जागा नाही आणि शरणूसारखं बघणारं कुणी नाही. दाव्याच्या बाबतीत तर फार किरकिऱ्या. दावं भिजलेलं चालायचं नाही त्याला. भिजलं की गाठ बसते, जनावराच्या मानेला काचतं, म्हणायचा. पावसाचे चार थेंब पडले की आधी दावी आत घ्यायचा, मग स्वतः आत यायचा.

शेवटचं वर्षभर तो गप्प होता. भांडण नाही, दारू नाही, काही नाही. नुसता गप्प. घरी जेवायला यायचा बंद झाला. आव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, त्याला देवऋषाकडं नेलं, दंडाला दोरा बांधून आणला. मी एकदा विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, “मलाच कळंना रे गुरसिद्ध. सगळं लांब गेल्यासारखं वाटतंय.” मी म्हणालो, चार दिवस सोलापूरला चल माझ्यासंगं. तो हसला. तेवढंच.

भाद्रपदात वरच्या धरणातनं पाणी सोडलं. दिवेलागणीला ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला, नदीकाठ सोडा म्हणून. लोक गोठ्याकडं पळाले तर जनावरं आधीच माळावर. सगळी मोकळी. एक वासरूसुद्धा गेलं नाही. शरणू तेवढा नव्हता. पाणी उतरल्यावर खालच्या गावाच्या शिवारात, बाभळीत सापडला.

सगळ्यांनी एकच म्हटलं. पोरानं एकेक जनावर सोडलं आणि स्वतः गेला.

मी तेव्हा तालुक्याला मोबाईलच्या दुकानात बसायचो. शिक्षण बारावीपर्यंत. पण वीरगळांचा, वीरांच्या नावानं उभ्या केलेल्या जुन्या दगडांचा, नाद लागलेला, तोही फोनवरनंच. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, कुठल्या तरी देवळामागं उकिरड्यात पडलेला दगड शोधायचा, पाणी मारून फोटो काढायचा. खालून वर वाचायचा असतो तो. सगळ्यात खाली माणूस कसा मेला ते. लढाईत, वाघाशी, नाहीतर गावाची जनावरं चोरांपासनं सोडवताना. मग त्याला स्वर्गात नेतात. मग तो देवापाशी बसतो. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर नाव राहणार.

हे मी दहाव्याच्या दिवशी सरपंचांना सांगितलं. सहज. सरपंच उठून उभेच राहिले.

“म्हणजे जनावरासाठी मेलेल्याचा दगड उभा करायची पद्धतच हाय की आपल्याकडं!”

“होती. आता कोण करतंय?”

“आपण करू.” ते आप्पांकडं वळले. “भीमशा, तुझ्यासारखा कारागीर गावात असताना दुसरीकडं कशाला जायचं? दिवाळी पाडव्याला उभा करू. जनावरं ओवाळायचा दिस हाय. आमदारांना बोलवू.”

आव्वानं पोर गेल्यापासून अन्नाला तोंड लावलं नव्हतं. चहाचा घोट घ्यायची, बस. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “करा.” त्या रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली. आप्पांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशी खाणीवर जाऊन दगड घेऊन आले.

पुढच्या आठवड्यात पारावर बैठक झाली. सरपंचांनी भाषण केलं. “वीरगळ म्हणजे काय? तर वीर जिथं गळून पडला ती जागा! वीर गळला, म्हणून वीरगळ!” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला राहवलं नाही. घरी येऊन मी आप्पांना सांगायला लागलो की तसं नाही, शब्द कन्नड आहे, जुना आहे, त्याचं मूळ असं असं—

आव्वा चुलीपुढं होती. तिचं माहेर नदीपलीकडं, तिची भाषाच कन्नड.

“कल्लु,” ती म्हणाली.

“काय?”

“कल्लु म्हंजे दगड. वीरगल्लु. वीराचा दगड. त्यात काय एवढं सांगायलायस?”

“तेच म्हणतोय मी. लोकांनी गल्लुचं गळ केलं आणि मग—”

“वीर म्हणलं काय, देव म्हणलं काय,” ती फुंकणी उचलत म्हणाली. “खाली कल्लुच की.”

एवढे दिवस फोनमध्ये डोकं घालून जे मिळवलं होतं ते तिनं एका फुंकरीत संपवलं.

दगडावर काम सुरू झाल्यावर आमच्या लिंबाखाली जत्राच भरली. जो तो येऊन सांगायचा. माझी म्हैस घे की त्यात. माझ्या गाईचं डावं शिंग मोडकं हाय, तसंच काढ, नाहीतर कुणाची कळायची? तम्माण्णा कोष्टी तर आपल्या गाईचा फोटोच घेऊन आला, लॅमिनेशन करून.

“भीमशा, पुढनं काढायची बरं का. मागनं सगळ्यांच्या सारख्याच दिसतेत.”

“तुझीच एक गाय काढली तर बाकीची माझं घर पेटवतील,” आप्पा म्हणाले.

“मग पहिली तरी काढ. खिलार हाय. बाकीच्यांच्या गावठी.”

लोक हसायचे. आप्पाही हसायचे. पण मला एक गोष्ट खटकत होती. दगड खालून वाचायचा असतो आणि आप्पांनी काम वरून सुरू केलेलं. चंद्र-सूर्य आधी. मग पिंड. मी विचारलं तर म्हणाले, “वरचं सोपं हाय.”

मधल्या चौकटीतल्या बायांपाशी आल्यावर अडले.

“ह्या कोण म्हणलास?”

“अप्सरा. मेलेल्याला स्वर्गात घेऊन जातात.”

“कस्तुराला काय वाटंल?”

कस्तुरा म्हणजे माझी वहिनी. ती तिथंच दाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवस घालून झाल्यावर तिचा भाऊ न्यायला आला होता, ती गेली नाही.

“काढा की मामा,” ती म्हणाली. मान खालीच. “माझ्याशी तर वर्षभर बोलले न्हाईत. त्यांच्याशी तरी बोलतील.”

शेंग फुटल्याचा आवाज आला.

आप्पांनी बाया काढल्या. सुंदर काढल्या. शरणूचा चेहराही काढला, नाक तेच, कपाळ तेच. मग खालची चौकट घासून साफ केली आणि थांबले. एक दिवस, दोन दिवस. रोज सकाळी दगडापाशी जाऊन बसायचे, छन्नीला धार करायचे आणि परत ठेवायचे. आव्वा जेवायला बसायच्या आधी रोज विचारायची, “गाई झाल्या का?” आप्पा म्हणायचे, “उद्या.” मग तिचा हात ताटावर थांबायचा. पहिल्यांदा भाकरी अर्धीची चतकोर झाली. मग नुसता भात. मग परत चहा. आप्पा तिच्या ताटाकडं बघत राहायचे आणि त्यांचंही ताट तसंच उचललं जायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी सरपंच मांडवाचे बांबू घेऊन आले. कोरी चौकट बघून त्यांचं तोंडच उतरलं.

“भीमशा, आरं उद्या माणसं येणार. जनावराशिवाय कसला दगड? लोक म्हणतील पोरगा तापानं मेला.”

“व्हतंय,” आप्पा म्हणाले.

सरपंच गेल्यावर मी भडकलो. “आप्पा, काय चाललंय तुमचं? आव्वाकडं बघा जरा. दोन-तीन तोंडं काढायची, बस. नंदी डोळे झाकून काढता तुम्ही.”

“बस हितं,” आप्पा म्हणाले.

मी बसलो. त्यांनी आजूबाजूला बघितलं. आव्वा आत होती. वहिनी पाण्याला गेलेली.

“त्या दिशी मी गोठ्यावर गेलतो.”

“कुठल्या?”

“त्याच. दुपारचं. ऊन होतं चांगलं. भाकरी घेऊन गेलतो त्याला. बघतोय तर जनावरं माळावर मोकळी, गोठ्यात कोण न्हाई. म्हणलं चारायला सोडली असतील. भाकरी गव्हाणीवर ठिवली आन आलो.”

“बरं मग?”

“दावी खुंटीला होती.”

मला काही कळलं नाही.

“भिंतीतल्या खुंटीला. गुंडाळून. एकूण एक. शेवटचा वेढा आत खोचून, तो करायचा तसं.” आप्पांनी हवेत बोट फिरवून दाखवलं. “चारायला सोडताना दावं कुठं ऱ्हातंय?”

“खाली. मेखेलाच.”

“का?”

“सांजच्याला परत बांधायचं असतं.”

“आन गुंडाळून खुंटीला कवा लावतेत?”

आमच्याकडं कुणालाही विचारा. जनावर विकलं की. जनावर मेलं की. त्या दाव्याला परत कुणाला बांधायचं नसलं की.

“भोंगा दिवेलागणीला झाला,” मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

“हं.”

“म्हणजे पाणी यायच्या आधीच…”

“नदी काय, पाणी सोडल्यावरच असती का? बारा म्हयने हाय की.” आप्पांनी तळहात दगडावर ठेवला, त्या कोऱ्या जागेवर. “त्याला पाणी येणार म्हाईत नव्हतं. कुणालाच म्हाईत नव्हतं. जनावरं उपाशी बांधून जायला नको म्हणून सोडली त्यानं. वाचली ती आपली वाचली.”

लिंबावर कावळे ओरडत होते. गल्लीत कुणाचं तरी पोर फटाके वाजवत होतं.

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कुणाला न्हाई. पाणी उतरल्यावर मी दावी सोडून खाली टाकली. भिजल्याली.”

“आव्वाला…”

“तिला सांगायचं न्हाई.” आप्पांनी माझं मनगट धरलं. दगड फोडणारा हात तो. “पोरगा जनावरासाठी गेला म्हणून घास उतरतोय तिच्या गळ्याखाली. ते काढून घेतलं तर नुसता पोरगा गेला एवढंच ऱ्हातंय. तेवढं तिला सोसायचं न्हाई.”

“मग काढा ना गाई. खोटं तर खोटं. देव कुठं बघितलाय तुम्ही? तरी काढता. अप्सरा काढल्या.”

“देव न्हाई बघितला,” आप्पा म्हणाले. “म्हणून तर येतोय काढाया. ह्याला बघितलाय.”

मग त्यांनी मला मांडवाचं सामान आणायला पाठवलं. मी कोपऱ्यापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून छन्नीचा आवाज सुरू झाला. एकसारखा, न थांबता. दिवसभर तो आवाज मी गावभर फिरलो तरी माझ्या कानात येत होता.

दुसऱ्या दिवशी दगड गोठ्याच्या जागेवर उभा केला. आमदार आले नाहीत, त्यांचा माणूस आला. कापड काढलं. खालच्या चौकटीत तीन गाई होत्या, एकीमागं एक, माना वर करून चाललेल्या. एकीचं डावं शिंग मोडकं होतं, लोकांत खसखस पिकली. त्यांच्या मागं शरणू, हात वर केलेला. हाकतोय म्हणा, नाहीतर निरोप देतोय म्हणा.

आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, मुठीएवढं काहीतरी. गोल गोल वेढे, एकात एक.

“नाग!” सरपंच म्हणाले. “शाबास भीमशा! राखणीला नाग बसवला!”

बायका पुढं आल्या. दगडाला हळद-कुंकू वाहिलं, नागाला वेगळं. आप्पा टोपी हातात धरून बाजूला उभे. कुणी विचारलं तर नुसतं “हं.”

आव्वा दगडाला कवटाळून रडली. मोठ्यानं, सगळ्या गावासमोर, जशी तोवर रडली नव्हती. लोकांचेही डोळे भरले. तिला बाजूला घेतल्यावर वहिनी पुढं आली. तिनं कुंकू लावलं नाही. खाली बसली आणि त्या वेढ्यांवरून बोट फिरवत गेली, बाहेरून आत, बाहेरून आत. शेवटचा वेढा जिथं आत खोचलेला होता तिथं बोट थांबलं. तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी मान खाली घातली.

पंधरा दिवसांत ती माहेरी गेली. जाताना आप्पांच्या पाया पडली आणि एवढंच म्हणाली, “हुबेहूब काढलंत मामा.”

त्याला आता बरीच वर्षं झाली. आप्पांनी पुढं कोरीव काम घेतलं नाही, नुसत्या फरश्या तासल्या. मीही ते फोटो काढत फिरणं सोडलं. कुठलाही वीरगळ बघितला की खालच्या चौकटीवर विश्वास बसत नाही माझा. गावात मात्र दगडाला मान आहे. नवरा-नवरी आधी तिथं जातात. लहान पोरांना सांगतात, असं व्हायला पाहिजे. शेंदराचे थर चढून शरणूचं नाक गेलं, कपाळ गेलं.

पण मला सांगायचंय ते दगड उभा केला त्याच्या पुढच्या श्रावणातलं. पहिली नागपंचमी.

गल्लीतल्या बायका दूध-लाह्या घेऊन दगडापाशी गेल्या. आव्वा पण गेली. मी दुकान बंद ठेवून गावी आलेलो, तिला आणायला म्हणून गेलो. तोवर बाकीच्या पूजा करून निघाल्या होत्या. ती एकटीच होती. पाठमोरी, दगडासमोर उकिडवी बसलेली. कोपऱ्यातल्या वेढ्यांवर बायकांनी ओतलेलं दूध साचलं होतं, लाह्या चिकटल्या होत्या. आव्वा लाह्या एकेक वेचून बाजूला टाकत होती. मग तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि ते दूध टिपायला लागली. एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात, पदर आत घालून, कोरडं होईपर्यंत.

“आव्वा, काय करायलीस?”

ती दचकली नाही.

“दावं भिजतंय,” ती म्हणाली. “भिजलेलं चालायचं न्हाई त्याला.”

मी तसाच उभा राहिलो. तिनं पदर पिळला, झटकला, गुडघ्याला हात लावून उठली.

“आप्पाला बोलू नको काही,” ती म्हणाली. “त्याला वाटतंय मला म्हाईत न्हाई. वाटू दे. चल, जेवायची वेळ झाली. मी खाल्ल्याबिगर खात न्हाई तो माणूस.”

घरी आप्पा ताटं मांडून बसले होते. दोघं समोरासमोर जेवले. आव्वानं पुरणाची दिंडं खाल्ली, आणखी एक मागून घेतलं. आप्पांनी ते बघितलं आणि त्यांनीही एक घेतलं.

मी मध्ये बसलो होतो. कुणाच्या तरी ताटाकडं बघायचं म्हणून माझ्याच ताटाकडं बघत होतो.